चार नंबरची खोली आणि कॉलवाले आप्पा

आप्पांनी जन्मात कधी कुणाचं दार ढकललं नाही. दार नुसतं लोटलेलं असो, सताड उघडं असो, आतला माणूस समोर बसलेला दिसत असो, आप्पा बाहेरच उभे राहणार, कडी वाजवणार, दोन पावलं मागं सरकणार आणि वाट बघणार. एकदा तर त्यांनी आमच्या दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवर टकटक केली. त्या खिडकीला मुळात दारच नव्हतं आणि मी तिच्या पलीकडं हातभर अंतरावर बसले होते. मी म्हटलं, "अहो आप्पा, दिसतेय की मी!" तर म्हणाले, "तुमी मला दिसताय शिष्टर. पर मी तुमाला दिसायला पायजे का नको, ते तुमी ठरवायचं." कपाळ! मी औषधं बांधून दिली.

ही सवय त्यांना रेल्वेनं लावली. दौंडला तेव्हा कोळशाची इंजिनं होती आणि ड्रायव्हर-फायरमनच्या घरी टेलिफोन नव्हते. अमक्या गाडीवर तुमची ड्यूटी लागली आहे, हे सांगायला घरोघर माणूस जायचा आणि कॉलबुकावर ड्रायव्हरची सही घेऊन यायचा. आप्पांनी तीस वर्षं हेच काम केलं. रेल्वेच्या कागदावर त्यांचा हुद्दा 'कॉलबॉय'. निवृत्त झाले तेव्हा डोक्यावर एक काळा केस उरला नव्हता, तरी बॉय ते बॉयच. गावानं मात्र त्यांना कॉलवाले आप्पा करून टाकलं होतं.

सहीच्या बाबतीत ते फार कडक होते, आणि त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका भर दुपारी ते एका ड्रायव्हरच्या दारात गेले. ड्रायव्हर झोपलेला. बायको म्हणाली, "उठलेत, तोंड धुतायत," आणि तिनंच सही ठोकली. तिकडं नवरा या कुशीवरून त्या कुशीवर. मालगाडी खोळंबली आणि आप्पांना चार्जशीट मिळाली. "तवाच ठरवलं," ते सांगायचे, "ज्याचा कॉल त्याचीच सही. बायकोची न्हाई, पोराची न्हाई. देव जरी म्हनला मी करतो, तरी त्याची न्हाई." हे सांगताना ते तोंडात पान असल्यासारखे गाल फुगवत, आणि त्या ड्रायव्हरच्या बायकोवरचा त्यांचा राग इतक्या वर्षांनीही ताजा असे.

मी दौंडला आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी शिरूरची, वय चोवीस, सरकारी दवाखान्यात नर्स, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत. आठवड्याभरात डॉक्टरांनी मला सांगितलं, "नदीकडच्या खोल्यांवर गोळ्या द्यायला जावं लागेल. तिथं एक म्हातारा आहे. त्याच्याशी वाद घालू नका, आपण दमतो."

त्या खोल्यांची हकिगत अशी. दौंड जंक्शन. मनमाडकडं जाणारी गाडी इथं तोंड फिरवायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागायचं आणि गाडी बराच वेळ उभी राहायची. एवढ्या वेळात तिकीट नसलेली, भान नसलेली माणसं खाली उतरवली जात. कुणी आपणहून उतरत आणि परत चढायचं विसरत. काहींना तर घरच्यांनीच कुठल्या तरी स्टेशनावर गाडीत बसवून दिलेलं असायचं, कायमचं. ती माणसं फलाटावर, पुलाखाली, इंजिनात पाणी भरायच्या नळाखाली वर्षानुवर्षं राहत. पोरं दगड मारत, पोलीस हाकलत, आणि फारच आरडाओरडा झाला तर पुण्याच्या मोठ्या इस्पितळात रवानगी होई. तिथून परत आलेलं मी तरी कुणी पाहिलं नव्हतं.

आप्पांनी तीस वर्षं ही माणसं पाहिली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी भीमेच्या बाजूला कुणा ठेकेदारानं मजुरांसाठी बांधलेल्या सहा खोल्या हेरल्या. ओसाड पडलेल्या. मालकाला दारं-खिडक्या चोरीला जाण्याची धास्ती. आप्पा म्हणाले, मी राखतो. मालक म्हणाला, राखा. एक नंबरमध्ये आप्पा स्वतः राहिले, बुद्धाची एक वीतभर मूर्ती आणि एक खाट घेऊन. उरलेल्या पाच खोल्यांत त्यांनी फलाटावरचे पाच जण आणून ठेवले. आणून ठेवले हे माझे शब्द. आप्पांसमोर असं म्हटलेलं चालत नसे. "इचारलं. आले," असं ते म्हणत. कुणाला सहा-सहा महिने विचारलं होतं, तो भाग वेगळा.

डॉक्टरांचं म्हणणं असं की आधी यांना औषधपाणी करावं, जरा ताळ्यावर येऊ द्यावं, मग खोलीचं बघावं. माझंही तेच म्हणणं. पुस्तकात तसंच होतं. आप्पांनी आम्हा दोघांना उभं केलं आणि विचारलं, "रनिंग रूम ठावं हाय का? बाहेरगावचा ड्रायव्हर गाडी घिऊन येतो, तिथं झोपतो. त्याला आदी खाट देत्यात का आदी इचारत्यात, की बाबा तू का दमलास, आन् दमायचं कवा सोडनार?" डॉक्टर हसले, बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांना पत्र लिहून औषधं लिहून मागवली. मी मात्र आठ दिवस घुश्शात होते. एक कॉलबॉय आम्हाला शिकवतो म्हणजे काय!

प्रत्येक खोलीला आतून कडी आणि बाहेरून कुलूप होतं, आणि किल्ली ज्याची त्याच्याकडं. दुसरी किल्ली आप्पांकडं नाही, कुणाकडंच नाही. किल्ल्या हरवत. तीन नंबरात गुरुजी म्हणून एक जण होते. पूर्वी कुठं तरी शिकवत असावेत, कारण बोलायची वेळ आली की पाढे म्हणत. हे गुरुजी महिन्यातून दोनदा किल्ली हरवत आणि दोनदा कुलूप फोडून नवं आणावं लागे. मी म्हणायची, "आप्पा, गळ्यात बांधा ना त्यांच्या!" आप्पा म्हणायचे, "शिष्टर, तुमची छत्री कितीदा हरवली औंदा?" ती तीनदा हरवली होती.

सकाळी आठला आप्पा फेरी काढत. हातात स्वतः रेघा मारलेली वही, कानावर पेन्सिल. मागून मी, गोळ्यांचा डबा घेऊन. कडी वाजवायची, मागं सरकायचं, वाट बघायची. दार उघडलं की "काय म्हनताय? बरं हाय न्हवं?" आणि वही पुढं. कुणी सही करी, कुणी अंगठा उठवी, गुरुजी पावणेदोनचा पाढा लिहीत, पाच नंबरवाला पतंग काढायचा. कुणी आतूनच ओरडलं, "जावा तिकडं!" तर आप्पा वहीत लिहीत, 'आहेत. आज बोलायचं नाही.' आणि पुढं जात. मी गोळ्या हातावर ठेवायची. घेतल्या तर घेतल्या. नाही घेतल्या की माझं पित्त खवळायचं आणि आप्पा म्हणायचे, "उद्या इचारू." गुरुजींना आम्ही असं दोन महिने विचारलं. एका सकाळी त्यांनीच विचारलं, "त्या पांढऱ्या गोळ्या कुठंयत?" मी इतकी गडबडले की डबा सांडला.

याच गुरुजींना आप्पांनी काम मिळवून दिलं, तेही कुठं, तर आमच्या शिरूर तालुक्यात, इनामगावला. तिथं घोड नदीच्या काठी जुन्या काळचं गाव उकरून काढायचं काम चाललं होतं. जमिनीतून निघालेली खापरं ब्रशानं हळूहळू साफ करायची, धुवायची, वाळत घालायची. धडधाकट गडी या कामाला तासाभरात कंटाळत. गुरुजींना कसलीच घाई नव्हती. एका खापरावर ते अर्धा दिवस घालवत आणि तिथले साहेब लोक त्यावर खूष होत. हिवाळाभर गुरुजी तिथं राहिले. आप्पा दर रविवारी एसटीनं इनामगाव गाठून त्यांची सही घेऊन येत. मी म्हटलं, "आता कशाला? ते तर नीट आहेत." आप्पा म्हणाले, "नीट हायेत म्हून जायाचं न्हाई व्हय? मंग नीट ऱ्हायाचा फायदा काय मानसाला?"

माझ्या आईला हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. शिरूरला गेले की ती म्हणायची, "येड्यांची शिष्टर म्हनत्यात तुला. पोरगं बघायला गेलं की पयलं तेच इचारत्यात." मी म्हणायची, "त्यांना सांग, शहाण्यांना इंजेक्शन देताना जास्त त्रास होतो." ते खरंच होतं.

आता चार नंबरच्या बाई.

त्या फलाटावर पुलाच्या पायऱ्यांखाली राहत. चाळिशीच्या असाव्यात. नाव सांगत नसत, गाव सांगत नसत. मी म्हटलं, काही तरी नाव ठेवू, वहीत काय लिहायचं? आप्पांनी साफ नकार दिला. "मानसाला नाव त्याच्या घरच्यांनी ठिवलेलं असतं. आपून कोन?" वहीत नावाची जागा कोरी ठेवून ते पुढं 'चार नंबर' लिहीत. सहा महिने विचारल्यावर बाई खोलीवर आल्या, पण आत जाईनात. दार उघडं टाकून उंबऱ्यावर झोपत, पाय बाहेर. थंडीतही तसंच. त्यांच्या डाव्या घोट्याभोवती एक गोल वण होता, जुना, खोल. तो मधूनमधून चिघळे. मी रोज मलम लावायची. कशाचा आहे ते मला कळत होतं. साखळीशिवाय असा वण पडत नाही. मला कळत होतं, हे इथं मुद्दाम सांगते, कारण पुढं मी जे केलं ते अडाणीपणानं केलं असं म्हणायची सोय नाही.

हळूहळू बाई आत सरकल्या. आधी पाय आत आले, मग चूल पेटली, मग एक दिवस दार लोटलेलं दिसलं. आप्पा त्या दिवशी इतके खुशीत होते की त्यांनी मला स्वतःच्या हातचा चहा दिला. तो फार वाईट असायचा.

एवढ्यात घोटाळा झाला. चार नंबरच्या बाई शाळेच्या नळावर जाऊन बसल्या आणि शाळा सुटेपर्यंत केस धूत राहिल्या. पोरांना पाणी प्यायला मिळालं नाही. कुणी हाताला धरून उठवायला गेलं तेव्हा त्यांनी बादली फेकून मारली. झालं! गावानं अर्ज केला, वेड्यांची वस्ती हलवा. तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला की रावसाहेब, म्हणजे तहसीलदार, गुरुवारी अकरा वाजता समक्ष पाहणी करतील. जी माणसं स्वतःची स्वतः राहू शकत नाहीत, त्यांना पुण्याला पाठवायचं. मालकही कानावर घालून गेला, "एकाला जरी न्यायची पाळी आली तर आप्पा, मला खोल्या रिकाम्या करून पाहिजेत." म्हणजे सगळं चार नंबरवर येऊन ठेपलं. त्या गेल्या की बाकीचे चौघंही पुन्हा पुलाखाली.

गुरुवारी आप्पा रावसाहेबांना घेऊन यायला स्टेशनाकडं गेले. जाताना मला म्हणाले, "शिष्टर, बसा इथं. दुसरं काय बी करू नका." नऊ वाजता मी पाहिलं, तर चार नंबरच्या बाई चपला घालून, डोक्यावर पदर घेऊन कुठं तरी निघायच्या बेतात. आज या शाळेकडं गेल्या तर संपलंच. त्या काही घ्यायला आत वळल्या तेवढ्यात मी दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली, आणि दवाखान्याच्या कपाटाचं कुलूप पर्समध्ये होतं ते लावून टाकलं. दोनच तासांचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

आतून आधी दाराला धडका बसल्या. मग एक ओरड आली. तशी ओरड मी प्रसूतीच्या खोलीतसुद्धा ऐकली नाही. मग काहीच नाही. मी दाराला कान लावून "बाई, बाई" करत राहिले. कुलूप काढावं तर त्या धावत सुटतील, ठेवावं तर हे असं. मी ते काढलं नाही. दहाच्या सुमारास आप्पा एकटेच परत आले. रावसाहेब जीपनं येणार होते. आप्पांनी कुलूप पाहिलं. मी त्यांना कधीच चिडलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काडा ते."

मी काढलं. पण आता आतून कडी लागली होती. दाराला आतून खाट लावल्याचा आवाज झाला.

"घोटा तुमीच बांधताय न्हवं रोज?" आप्पा म्हणाले. मी कुलूप पर्समध्ये टाकलं.

अकराला जीप आली. रावसाहेब तरुण होते, चेहरा घामानं डबडबलेला, मागून शिपाई. खोल्या एकेक पाहिल्या. गुरुजींनी त्यांना चहा दिला आणि एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला. पाच नंबरवाल्यानं चूल, पांघरूण, पाण्याचा माठ सगळं दाखवलं. रावसाहेब चार नंबरपाशी आले. दार बंद. समोर धुळीत आप्पा मांडी घालून बसलेले, मांडीवर वही.

"इथलीच ना ती शाळेतली बाई? उघडा."

"उघडतील त्या."

"म्हणजे? तुम्ही उघडा."

"दार त्यांचं हाय साहेब."

रावसाहेबांनी शिपायाला खूण केली. शिपाई पुढं झाला तसे आप्पा उठून दाराला पाठ लावून उभे राहिले. "साहेब, तुमी बघायला आलाय, ही मानसं आपली आपून ऱ्हात्यात का. आता ह्यो गडी दार फोडनार, आन् मंग तुमी लिवनार की बाईला ऱ्हाता येत न्हाई. ऱ्हाता कसं यील? सकाळधरनं दोनदा त्यांच्या दाराला हात लागला."

"दोनदा?"

मग मी बोलले. नोकरी जाते की राहते असं वाटत होतं, पण बोलले. "साहेब, सकाळी मी बाहेरून कुलूप लावलं. तुम्ही येणार म्हणून. त्यांनी काही केलं नव्हतं. त्या फक्त बाहेर निघाल्या होत्या." आणि मग मी दाराकडं वळून, सगळ्यांसमोर, त्या लाकडाला म्हटलं, "बाई, चुकलं माझं. पुन्हा लावणार नाही. माझ्या आईची शपथ."

आत काही हललं नाही. रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण ते गुरुजींच्या दारातल्या खाटेवर जाऊन बसले. "अर्धा तास," म्हणाले. आप्पांनी वळून कडी वाजवली, एकदाच, दोन पावलं मागं सरकले आणि उभे राहिले.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. शिपाई जांभया देऊ लागला. मग आतून खाट सरकली, भांडं खडखडलं, पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि कडी निघाली. बाई दारात आल्या. केस विंचरून घट्ट बांधलेले, तोंड धुतलेलं, लुगडं बदललेलं. एवढा वेळ त्या आत काय करत होत्या ते तेव्हा कळलं. त्यांनी आधी आप्पांकडं पाहिलं, मग रावसाहेबांकडं, मग जीपकडं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"कोन पायजे?" त्यांनी विचारलं.

रावसाहेब उठून उभे राहिले. का ते त्यांनाही कळलं नसावं. "तुम्ही... इथं राहता का?"

"मंग कुठं?" बाई म्हणाल्या. आप्पांनी पुढं केलेल्या वहीवर त्यांनी अंगठा उठवला आणि आत गेल्या. रावसाहेबांनी कागदावर काही तरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण पुण्याला कुणी गेलं नाही आणि मालकही पुन्हा बोलायला आला नाही. शाळेच्या नळाचं म्हणाल, तर आप्पांनी खोल्यांपाशी पाण्याचं एक पिंप आणून बसवलं.

माझ्याशी बाई महिनाभर बोलल्या नाहीत. मलम लावून घेत, तोंड फिरवून. मी रोज जायची, कडी वाजवायची, मागं सरकायची. ढकलायची माझी सवय तेव्हा सुटली. पुढं शिरूरच्या आरोग्य केंद्रात तीस वर्षं काढली, नव्या मुली हाताखाली आल्या, आणि त्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवत आले. त्या हसतात. हसू देत.

तीन वर्षांनी माझी शिरूरला बदली झाली. निघायच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घ्यायला गेले. गुरुजींनी पाढे लिहिलेला कागद दिला, पाच नंबरवाल्यानं पतंग. मी दोघांच्याही गळ्यात पडून रडले. आप्पा बरोबर होते, ते मात्र खाली मान घालून चालत होते, कारण त्यांनाही रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं. चार नंबरची कडी मी वाजवली. बराच वेळ गेला.

"कोन?" आतून आवाज.

"मी. शिष्टर. आज चालले मी शिरूरला. भेटायला आले."

"आज न्हाई." दार इंचभरही हललं नाही. "सारवलंय. पाय उठतील. मागनं कवा तरी या."

मी दुखावले. तीन वर्षं जिच्या पायाला मलम लावलं, तिनं निघताना दारसुद्धा उघडू नये? डोळे भरून आले. मी आप्पांकडं वळले, तर म्हातारा हसत होता. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसत होता. त्यांनी माझी ट्रंक उचलली, स्टँडच्या रस्त्याला लागले आणि मागं वळून मला म्हणाले, "चला शिष्टर. त्यांची जमीन वाळू द्या."